परतीची तार

बॉनेट घट्ट बंद असताना गाडीचा अलार्म वाजतो आणि बॉनेट उघडलं तर वाजत नाही, असं सांगितल्यावर बहुतेक जण एका दमात म्हणतात, "स्विच गेला, बदलून टाका." गेल्या पावसाळ्यात हा सल्ला मी पेणमध्ये इतक्या जणांकडून ऐकला की तो मला पाठ झाला. सल्ला देणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण स्विच एकटा काहीच करत नसतो. त्याच्यापर्यंत वीज कुठून येते आणि त्याच्यातून ती परत कुठे जाते, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय त्याला दोषी ठरवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. पहिला प्रश्न सगळे विचारतात. दुसरा विचारणारा माणूस मला रोह्यात भेटला, आणि त्याच्याकडून जे शिकले ते लिहून ठेवावंसं वाटलं.

गाडी माझ्या रोह्याच्या मामांची. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्ती जवळ आल्यावर त्यांनी गोव्याहून एक वापरलेली सॅन स्टॉर्म आणली. आजच्या तरुण वाचकांना हे नाव माहीत असेलच असं नाही. १९९८च्या सुमारास गोव्यात बनू लागलेली ही दोन माणसांची, उघड्या टपाची गाडी. आराखडा फ्रेंच, इंजिन रेनॉचं ११४९ सीसीचं, आणि अंग सगळं फायबरचं. ताकद साठ अश्वशक्तीच्या आसपास, म्हणजे फार नाही. पण जमिनीलगत बसून, टप उघडा टाकून भिसे खिंडीतली वळणं घेताना ताकदीची आठवणही होत नाही. रस्त्यावर जिकडेतिकडे मारुती आठशे दिसण्याच्या त्या काळात आपल्याकडे कुणीतरी केवळ चालवण्याच्या आनंदासाठी एक गाडी बनवावी, याचं मामांना फार अप्रूप होतं. मलाही आहे. पुढे मामांचे गुडघे दुखू लागले, इतक्या खाली बसणं आणि उठणं जमेना, आणि गाडी पेणला माझ्या अंगणात आली.

माझं घर अंतोऱ्याच्या बाजूला. तिकडे गाव संपलं की खारेपाट सुरू होतो: बांध घातलेली शेतं, खाड्या, मिठागरं. पश्चिमेचा वारा येतो तो मीठ घेऊनच येतो. खिडकीचे गज, सायकलची साखळी, फाटकाची कडी, कशालाही बोट लावलं तरी ते कळतं. गाडीसाठी पत्र्याची शेड आहे, पण तिची एक बाजू उघडी आहे आणि आषाढातली झड नेमकी तिथूनच आत येते. अलार्म मामांच्याच काळात मुंबईकडच्या एका दुकानात मागाहून बसवून घेतलेला होता. दरवाजे, बॉनेट आणि धक्का ओळखणारं एक यंत्र, एवढ्यांवर तो पहारा ठेवायचा. पाऊस लागला की मध्यरात्रीनंतर केव्हातरी तो एकदम किंचाळायचा. जाऊन बघावं तर गाडीजवळ चिटपाखरू नाही. उलट दिवसा बॉनेटचा खटका सोडून, झाकण हाताने दाबून धरून, रिमोटने अलार्म लावून मी ते उचललं, तर आवाजच नाही.

हा त्रास माझ्यापुरता असता तर मी एवढी पाठीस लागले नसते. पेणमध्ये आषाढ-श्रावणात झोप आधीच कमी असते. गणपतीच्या कारखान्यांत रात्री उशिरापर्यंत रंगकाम चालू असतं. आमच्या शेजारच्या घरात डोळ्यांची आखणी होते. ती करणारा मुलगा रात्रीची शांत वेळ मुद्दाम निवडतो, कारण बुबुळाची रेघ केसभर सरकली तरी मूर्तीची नजर बदलते. कुणाचा तरी महिनाभराचा हात त्या शेवटच्या रेघेवर अवलंबून असतो. अशा वेळी दहा पावलांवर भोंगा वाजला तर काय होईल, हे मला त्याने सांगायची गरज नव्हती, आणि त्याने सांगितलंही नाही. त्याच्या आजीने तेवढं सकाळी कुंपणापाशी येऊन विचारलं, "काय झाला गो तुझे गारीला?" त्या प्रश्नात तक्रार नव्हती, काळजी होती, आणि म्हणूनच तो मनाला जास्त लागला.

अलार्म कायमचा तोडून टाका, असाही सल्ला आला. मला तो पटला नाही. एखादी गोष्ट का बिघडली हे न कळता ती कापून टाकली, तर बिघाड तसाच गाडीत राहतो, फक्त त्याचा आवाज बंद होतो.

बॉनेटचा स्विच ही अगदी साधी वस्तू आहे. स्प्रिंगवर बसलेली एक पिन. बॉनेट बंद असलं की पिन दाबलेली असते आणि आतला संपर्क तुटलेला असतो. बॉनेट उचललं की स्प्रिंग पिनेला वर ढकलते, संपर्क जुळतो, आणि अलार्मच्या पेटीतून आलेली तार गाडीच्या अर्थला, म्हणजे बॅटरीच्या वजा टोकाला जोडली जाते. पेटी एवढीच वाट बघत असते: माझी तार अर्थला टेकली का? टेकली की भोंगा. नेहमीच्या पत्र्याच्या गाडीत या स्विचला एकच तार असते, कारण दुसरीची गरजच नसते. स्विच पत्र्यात स्क्रूने आवळला की गाडीचं सगळं अंगच परतीची वाट होतं. दिवे, हॉर्न, वायपर, सगळ्यांची वीज तारेने जाते आणि पत्र्यातून परत येते. गॅरेजवाले याला बॉडी अर्थ म्हणतात, आणि तो इतका अंगवळणी पडलेला असतो की कुणी त्याचा विचार करत नाही.

फायबरमधून वीज वाहत नाही.

ही ओळ वाचायला सोपी आहे. गाडीवर काम करताना मात्र ती पदोपदी विसरली जाते, कारण हात पत्र्याच्या गाड्यांवर घडलेले असतात. फायबरच्या गाड्यांचा इतिहास तसा लहान नाही. अमेरिकेत १९५३ साली शेव्हरोलेट कॉर्व्हेट फायबरच्या अंगाने निघाली आणि पहिल्या वर्षी तिच्या ३०० गाड्या बनल्या. आपल्याकडे १९८०च्या दशकात बंगळूरहून सिपानी डॉल्फिन आली. आमच्या रायगडातच, पेण-अलिबाग रस्त्यावरच्या कार्लेखिंडीत, चिंकारा मोटर्सने फायबरच्या अंगाची उघडी रोडस्टर बनवली, आणि तिच्यात इसुझुचं १.८ लिटरचं इंजिन बसवलं. शेकडो मैल दूरची नव्हे, वडखळ ओलांडून पुढे गेल्यावर लागणारी ही जागा आहे, आणि तिथे स्पोर्ट्स कार बनत होती हे पेणमधल्या पुष्कळांना आजही ठाऊक नाही. लहान उत्पादक फायबरकडे वळतात याचं कारण उघड आहे. पत्र्याचं अंग घडवायला अवजड प्रेस आणि महागडे ठसे लागतात, आणि हजारोंनी गाड्या खपल्या तरच तो खर्च निघतो. फायबरला एक साचा, काचतंतूंची चादर, रेझिन आणि कुशल हात पुरतात. पेणच्या मूर्तिकारांना हे समजावून सांगावं लागत नाही. साच्याला आतून हात फिरवून थर बसवणं, कोपऱ्यात हवा राहू न देणं, वाळल्यावर कडा घासणं, ही कामं हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत पिढ्यानपिढ्या चालत आली आहेत. फायबरची गाडी आणि गणपती यांचं इतकं जवळचं नातं मला फार मोलाचं वाटतं.

पण त्या अंगाला परतीची वाट नसते. प्रत्येक दिव्याला, प्रत्येक स्विचला जाणारी एक आणि परतणारी एक, अशा दोन तारा हव्यात.

पेणच्या एका गॅरेजमध्ये स्विच काढून थेट बॅटरीवर लावून बघितला. टेस्टरचा दिवा लागला, पिन दाबली की विझला. स्विच चांगला निघाला. तरीही नवा घातला गेला. पुढच्या पावसात भोंगा पुन्हा वाजला. दुसऱ्या एकाने स्विच जागेवर असताना टेस्टर लावला, दिवा लागत नाही असं दाखवलं आणि निर्वाळा दिला की इथे कुठे गळती नाही, दोष पेटीत आहे. पेटी बदलायची तर अख्खा अलार्म नवा घ्यावा लागणार होता.

अशा वेळी मामांनी रोह्याजवळच्या अष्टमीतल्या एका वायरमनचं नाव सुचवलं. कुंडलिका नदीच्या पुलापलीकडे त्यांचं छोटं दुकान आहे. विजेच्या मोटारी भरणं हा त्यांचा मूळ धंदा. मी फोन केला. त्यांनी गाडी घेऊन या असं म्हटलं नाही. आधी बराच वेळ प्रश्न विचारले. पाऊस नसताना वाजतो का? दरवाजा उघडला तर बरोबर वाजतो का? बॉनेट उघडल्यावर कधीतरी तरी वाजला होता का? नुसता धुक्याने ओला झाला तर? सगळं ऐकून ते म्हणाले, "ताई, आज रात्री बॉनेटच्या स्विचची पेटीकडून येणारी तार काढा. टोकाला टेप गुंडाळा, कुठं टेकू देऊ नका. बाकी काही करू नका. पाऊस पडू द्या आणि मग मला सांगा."

त्या रात्री पेणमध्ये जोराचा पाऊस झाला. अलार्म वाजला नाही.

या एका रात्रीने काय साधलं, ते मला दुसऱ्या दिवशी त्यांच्याशी बोलताना उमगलं. तार काढल्यावर भोंगा थांबला, म्हणजे पेटी स्वतःहून वाजत नव्हती, धक्क्याचं यंत्र वाजवत नव्हतं, दरवाजे वाजवत नव्हते. अर्धी गाडी संशयातून सुटली, तीही एक पैसा खर्च न होता. बिघाड शोधणं म्हणजे बिघडलेली वस्तू शोधणं, असा आपला समज असतो. पण ते चांगलं काय काय आहे ते एकेक करून बाजूला काढत जाणं आहे. उरतं त्यातच दोष असतो. हे काम घाईने होत नाही आणि नशिबानेही होत नाही.

पेणहून रोहा चाळीसेक किलोमीटर. वडखळ, नागोठणे, मग महामार्ग सोडून भिसे खिंड. महामार्गाचं वर्षानुवर्षांचं काम आणि त्यातले खड्डे यांविषयी रायगडकरांना मी काय सांगावं? एवढंच सांगते की जमिनीपासून वीतभर वर असलेली गाडी तिथून नेताना माणूस रस्त्याचा इंच न् इंच शिकतो. खिंडीत मात्र सगळं विसरायला होतं. श्रावणात दोन्ही बाजू हिरव्या, मधूनच ढग रस्त्यावर उतरलेला, आणि टप उघडा ठेवायची हिंमत केली तर ओल्या मातीचा वास थेट मांडीवर येऊन बसतो.

वायरमनकाकांनी गाडी बघितली आणि हात लावायच्या आधी बॉनेटच्या कडेवरून नुसतं बोट फिरवलं. मग बोट जिभेला लावलं. "खारट आहे," ते म्हणाले.

त्यांनी पहिलं काम केलं ते असं. पेटीकडून येणारी ती टेप लावलेली तार सोडवली, अलार्म लावला, आणि तारेचं टोक थेट बॅटरीच्या वजा टोकाला टेकवलं. भोंगा तत्काळ वाजला. "पेटी चांगली, तिथून इथपर्यंतची तारही चांगली. कोणी सांगितलं पेटी बदला म्हणून?" मग मल्टिमीटर घेतला. स्विचच्या दुसऱ्या बाजूने एक आखूड काळी तार निघून हेडलाइटच्या मागे जात होती. अलार्म बसवणाऱ्याने फायबर लक्षात ठेवून ती परतीची तार दिली होती, एवढं त्याचं श्रेय. पण ती त्याने चासीच्या अशा बोल्टला आवळली होती जिथे पुढच्या चाकाचा चिखल उडतो. मीटरचं एक टोक या तारेला, दुसरं बॅटरीच्या वजा टोकाला. वाट बंद. काकांनी तार चिमटीत धरून वाकवली तर ती आतून मऊ लागली. आवरण चिरलं, आणि तांब्याच्या जागी हिरवी भुकटी बोटावर आली. बाहेरून ती तार नव्यासारखी दिसत होती.

उघडल्यावर गप्प का, याचं उत्तर मिळालं. पिन वर येत होती, संपर्क जुळत होता, स्विच आपलं काम दर वेळी चोख करत होता. त्याला पुढे जायला वाटच उरली नव्हती.

आता दुसरा प्रश्न: परतीची वाट तुटलेली असेल, तर पावसात भोंगा वाजतो कसा? मला हा प्रश्न सर्वांत अवघड वाटत होता. काकांना तो सर्वांत सोपा वाटला. त्यांनी मुलाला आतून पाण्याची बाटली आणायला सांगितली आणि तिच्यात चिमूटभर मीठ टाकलं. स्विच बसवला होता बॉनेटच्या कडेच्या पन्हाळीत, जिथून पावसाचं पाणी ओघळून खाली जातं. त्याच्यापासून चार बोटांवर बॉनेटच्या कुलपाची लोखंडी पट्टी, आणि ती थेट चासीला जोडलेली. मीटरचं एक टोक स्विचच्या उघड्या पात्याला, दुसरं या पट्टीला. कोरडं असताना मीटर काहीच दाखवत नव्हता. पन्हाळीत ते पाणी शिंपडल्यावर आकडे धावू लागले आणि चार हजार ओहमच्या आसपास येऊन ठरले. गाडीच्या १२ व्होल्टवर याचा अर्थ तीन मिलिअँपियर. एवढीशी वीज फायबरवरच्या खारट ओलीतून सरपटत लोखंडापर्यंत पोचत होती, आणि पेटीला तेवढी पुरत होती. तिला वाटत होतं, बॉनेट उघडलं.

तारेची वाट तुटली होती आणि पाण्याने नको तिथे दुसरी वाट काढली होती. दोन वेगळे दोष एकमेकांत असे गुंतले की त्यांचा मिळून एक चमत्कार दिसत होता.

टेस्टरच्या दिव्याबद्दल इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक गॅरेजमध्ये तोच एक न्यायाधीश असतो. पाच वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर पेटायला जवळपास ४०० मिलिअँपियर वीज लागते. तीन मिलिअँपियरने त्याची तार कोमटही होत नाही. म्हणून ओल्या पन्हाळीवरही दिवा विझलेलाच राहणार आणि बघणारा म्हणणार, गळती नाही. आणखी एक गोष्ट काकांनी सांगितली ती मला त्याहून महत्त्वाची वाटली. हॉर्नच्या संपर्कातून जोराची वीज जाते, बारीक ठिणगी पडते, आणि त्या ठिणगीने संपर्कावरचा गंजाचा पापुद्रा दर वेळी जळून जातो. अलार्मच्या स्विचमधून जाणारी वीज इतकी थोडी असते की ती पापुद्रा फोडू शकत नाही. म्हणून ज्या संपर्कावर काम सर्वांत हलकं, तो सर्वांत लवकर रुसतो. अशा संपर्काला टेस्टरचा दिवा लावला, की दिव्याच्या चारशे मिलिअँपियरने तो क्षणभर साफ होतो, दिवा लागतो, सगळं ठीक असल्याचा निकाल मिळतो. तपासणीच आजार झाकते. जो दोष बारीक आहे त्याला मोजमापही तितकंच बारीक हवं, आणि चांगला मल्टिमीटर आता एखाद्या गणपतीच्या मखरापेक्षा महाग राहिलेला नाही. प्रत्येक मेकॅनिककडे तो असायला हवा, आणि त्यातले ओहम वाचायची सवय असायला हवी, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

"तुम्हाला हे लगेच कसं सुचलं?" मी विचारलं.

"मी गाडीवाला नाही ना," काका म्हणाले. "माझं अर्धं काम रेवदंड्याला, साळावला, कोर्लईला. होड्यांवर."

कुंडलिकेच्या मुखाशी उभ्या असणाऱ्या मासेमारीच्या होड्या आता बऱ्याच फायबरच्या झाल्या आहेत. त्यांच्यावर दिवे असतात, पाणी उपसायचा पंप असतो, जीपीएस असतं, मासे शोधणारं यंत्र असतं. होडीला बॉडी अर्थ नावाची गोष्ट नाही. प्रत्येक वस्तूची जाणारी तार आणि येणारी तार, दोन्ही बॅटरीपर्यंत न्याव्या लागतात, आणि खाऱ्या पाण्यात कुठलाही सांधा उघडा राहिला तर तो एका हंगामात खलास होतो. भर समुद्रात दिवा गेला तर गॅरेज नसतं. म्हणून त्या लोकांचं काम पक्कं असतं. स्पोर्ट्स कारचं उत्तर कारच्या दुकानांत नव्हतं, ते कोळ्यांच्या होड्यांवर होतं. रोह्यातला माणूस ते घेऊन बसला होता, आणि चाळीस किलोमीटरवरच्या पेणला त्याचा पत्ता नव्हता.

दुकानापासून रुळांचा आवाज ऐकू येतो. रोहा म्हणजे कोकण रेल्वेचं पहिलं टोक, इथून ती कर्नाटकातल्या ठोकूरपर्यंत जाते. आता त्या मार्गावर विजेची गाडी धावते. काकांनी तिकडे हात केला. "वर एकच तार दिसते ना? पंचवीस हजार व्होल्ट. लोकांना वाटतं वीज वरून येते आणि संपते. ती संपत नाही, रुळांतून परत जाते. रूळ नीट जोडलेले नसतील तर वरच्या तारेचा काय उपयोग?" १८३८ साली जर्मनीत श्टाइनहाइल या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं होतं की तारायंत्राला दोन तारा लागत नाहीत, परतीचं काम जमीन करते. त्यामुळे तारायंत्राचा तारेचा निम्मा खर्च वाचला. तेव्हापासून परतीची वाट ही फुकट मिळणारी गोष्ट समजली गेली, आणि जे फुकट मिळतं त्याची निगा कुणी राखत नाही. मोटारीच्या बाबतीत तर ही समजूत इतकी मुरली आहे की वायरिंगच्या नकाशातही अर्थच्या जागी एक छोटी खूण काढून सोडून देतात. ती खूण प्रत्यक्ष गाडीत कुठल्या बोल्टवर आहे, ते अनेकदा लिहिलेलं नसतं.

दुरुस्तीला फार वेळ लागला नाही. काकांनी स्विचची जागा बदलली, पन्हाळीतून काढून वर, कोरड्या कोपऱ्यात नेला. खालच्या पात्यावर रबराची टोपी चढवली. दोन्ही तारा नव्या घातल्या, टोकाचे थिंबल दाबून वर स्लीव्ह तापवून आवळली, आणि परतीची तार वाटेत कुठेही न थांबवता थेट बॅटरीच्या वजा टोकावर नेली. पेटीत शिरण्याआधी तारेला खाली एक झोल दिला, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोलावरून ठिबकून जाईल, आत शिरणार नाही. सांध्यांना व्हॅसलीन लावलं. जुनी पन्हाळ गोड्या पाण्याने धुतली. बॉनेटखालची रबरं दबली होती, ती बदलून पिन पूर्ण दाबली जाते ना ते बघितलं. मग बॉनेट उचललं. भोंगा वाजला. बंद केलं, बाटलीतलं उरलेलं खारं पाणी सगळीकडे ओतलं. शांतता. जुना, मूळचा स्विच मी जपून ठेवला होता, तो त्यांनी मीटरवर लावून बघितला. तो पहिल्यापासून चांगलाच होता. नव्याऐवजी तोच परत बसवला.

परत निघताना मामांकडे गेले. त्यांनी कपाटातून एक जाड वही काढली. गाडी घेतली तेव्हा तिचा वायरिंगचा नकाशा त्यांना मिळाला नव्हता, म्हणून त्यांनी सुट्टीच्या दिवशी गाडीखाली झोपून एकेक तार हाताने शोधत नेली होती आणि वहीत उतरवली होती: कुठल्या रंगाची तार, कुठून निघते, कुठे जाते, कुठला फ्यूज, कुठला रिले. निळ्या शाईत, शिक्षकाच्या फळ्यावर असतं तसं स्वच्छ अक्षर. अर्थच्या बोल्टांसाठी वेगळं पान होतं. फक्त अलार्मच्या तारा तिथे नव्हत्या, कारण दुकानात त्या सगळ्या एकाच काळ्या रंगाच्या घातल्या गेल्या आणि वर टेपने एकत्र गुंडाळल्या गेल्या. जिथे वही गप्प होती नेमका तिथेच बिघाड झाला होता. मामांनी नव्या तारांचं पान माझ्यासमोर स्वतः लिहिलं. त्यांचा हात आता थरथरतो, तरी बाणाची टोकं त्यांनी नीट काढली.

आपल्याकडे अशा गाड्या थोड्याच उरल्या आहेत. सॅन स्टॉर्म असो, कार्लेखिंडीची रोडस्टर असो, किंवा कुणाच्या गोठ्यात झाकून ठेवलेली एखादी जुनी उघडी गाडी असो, या लहान उत्पादकांच्या गाड्यांना कंपनीचं वर्कशॉप मिळत नाही, पुस्तक मिळत नाही, सुटे भाग शोधावे लागतात. त्या चालत्या राहतात त्या फक्त कुणाच्या तरी डोक्यात असलेल्या माहितीवर, आणि ती डोकी म्हातारी होत आहेत. म्हणून ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. या पावसाळ्याआधी एक रविवार काढा. सगळे अर्थचे बोल्ट शोधा, खरडून साफ करा, आणि ते कुठे आहेत ते कागदावर लिहा. मागाहून बसवलेल्या प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधा. त्या कागदाची एक प्रत गाडीत ठेवा, एक घरात, आणि एक तुमच्या गावातल्या त्या वायरमनला द्या जो मीटर वापरतो. तसा माणूस गावात नसेल तर जवळच्या बंदरावर जाऊन विचारा.